झेरॉक्स

वहीत रकाने चार:
भाडं, गॅस, तिकीट, झेरॉक्स.
आईनंच आखून दिले,
बचत गटाचा हिशेब ती ज्या पट्टीनं आखते
त्याच पट्टीनं.
पाचवा रकाना नाही.

म्हणून आरमोरीच्या बसस्टँडसमोरचा तर्री-पोहा
वीस रुपये, झेरॉक्स.
करिश्मा नेवारेच्या वाढदिवसाची वर्गणी
पन्नास, झेरॉक्स.
केक एवढासा आला
की फोटोतच जास्त दिसला.
आठवडी बाजारातले कानातले, त्यातलं एक
दुसऱ्याच दिवशी हरवलं,
उरलेलं अजून पेनाच्या डब्यात:
झेरॉक्स.
आणि रात्री अकराला मारलेला
एका दिवसाचा डेटा, सिरीयलचा शेवट बघायला:
झेरॉक्स, वनस्पतिशास्त्र, प्रकरण सहा.

प्रकरण सहा माझं मला सुचलं.
त्या रात्री वाटलं,
निदान एका विषयात तरी मी पुढं जातेय.

गुरनुलेकाकांच्या दुकानात खरं तर
मी महिन्यातून दोनदा जाते.
मशीन तापली की ते तिच्यावर फुंकर मारतात,
बशीतला चहा असल्यासारखी.
त्यांना ठाऊक नाही,
माझ्या वहीत त्यांनी यंदा
अकराशे चाळीस पानं काढून दिलीत.

खोलीतली पल्लवी कोडापे माझ्यासारखी नाही.
तिचा नियम: मन झालं की सात दिवस थांबायचं,
आठव्या दिवशीही मन असलं तरच घ्यायचं.
मागच्या थंडीत एक निळं जॅकेट
तिनं असंच थांबत थांबत
उन्हाळ्यापर्यंत नेलं.
"वाचले ना सहाशे," म्हणाली,
आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही.

दिवाळीत आईनं वही पाहिली.
बोट जिभेला लावून एकेक पान.
"काऊन वं, तिकडं झेरॉक्स लय लागते?"
"सायन्स आहे ना."
"हो," म्हणाली, "सायन्सले कागद लागते."
पुढं काही नाही.
करंज्या तळायला उठली.

रात्री चार्जर शोधताना
गटाच्या दप्तराखाली तिची वही सापडली,
घरखर्चाची.
दळण, चाळीस.
दळण, तीस.
त्याच आठवड्यात पुन्हा दळण.

आम्ही भात खाणारी माणसं.
दोन्ही वेळा भात, सकाळी रात्रीचाच, फोडणी देऊन.
पोळ्या पाहुणे आले तर.
एवढं कोण दळतं आमच्या घरात?

तारखा पाहिल्या.
सगळे तिचे बँकेत जायचे दिवस.
बँकेशेजारी कुल्फीची गाडी असते,
पलीकडं बांगड्यांचं दुकान.
किंवा नुसतंच पंख्याखाली, खुर्चीवर,
दुसऱ्या कोणी आणून ठेवलेला चहा.
त्याचेही पैसे पडतातच.

वही होती तशी ठेवली,
कोपऱ्याला कोपरा जुळवून.

निघताना तांदळाची पिशवी, लाखोळीची डाळ,
आणि वरून पन्नासची नोट,
चार घड्या घातलेली.
"हे कशात लिहू?"
ती गाडीला हात करत होती.
"लिही कशातबी. झेरॉक्समंदी लिही."
हसली की नाही ते कळलं नाही,
काचेवर धूळ होती.

अर्धं तिकीट काढलं.
पन्नासची नोट मोडली नाही, मुठीतच होती.
पल्लवीच्या नियमानं सात दिवस.
आरमोरी अजून बावीस किलोमीटर,
आणि मधल्या थांब्यावर
तो गरम भजीवाला चढतो.